आरशावरचा मळ आणि हौद्यातला गंज



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ३८.

श्लोकाकडे जाण्याआधी एक प्रश्न. गेल्या आठवड्यात घाटकोपरच्या एका वाचक मैत्रिणीने लिहिलं, "ताई, मी रोज सकाळी लोकलमध्ये हरिपाठ म्हणते. गळ्यात माळ आहे. स्टेटसला विठोबा आहे. आणि ऑफिसला पोहोचेपर्यंत मनातल्या मनात तीन जणांचा उद्धार करून झालेला असतो. हे ढोंगच ना? त्यापेक्षा आधी आतलं नीट करते, मग माळ घालते, हे जास्त प्रामाणिक नाही का?"

प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही. याच तिसऱ्या अध्यायात, सहाव्या श्लोकात, भगवंतांनी हातपाय आवरून बसलेल्या पण मनाने विषयांचंच चिंतन करणाऱ्या माणसाला सरळ मिथ्याचारी म्हटलंय. म्हणजे मैत्रिणीची भीती शास्त्राला धरूनच आहे. पण त्याच अध्यायात पुढे ३८ वा श्लोकही आहे, आणि माझ्या मते तिचं उत्तर तिथून सुरू होतं.

संदर्भ आठवा. ३६ व्या श्लोकात अर्जुन विचारतो की मनात नसतानाही, कुणीतरी मागून ढकलल्यासारखा, माणूस पाप का करतो? भगवंत नाव घेऊन सांगतात : काम, आणि त्याचंच दुसरं रूप क्रोध. मग हे ज्ञानाला कसं झाकतात ते सांगायला तीन दृष्टांत येतात. आग धुराने झाकलेली, आरसा मळाने झाकलेला, गर्भ पिशवीने वेढलेला.

आपण मधल्या दृष्टांतावर थांबू. 'मळलेला आरसा' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बाथरूममधला काचेचा आरसा येतो. वाफ, साबणाचे शिंतोडे. फडकं फिरवलं की झालं. पण गीतेच्या काळातला आरसा असा नव्हता. तो धातूचा, घासून घासून चकचकीत केलेला. केरळात आरन्मुळा गावी आजही तांबं आणि कथिल यांच्या मिश्रणाचे असे आरसे हाताने घडवतात. धातूच्या आरशावर बाहेरची धूळ बसतेच, पण त्याहून चिवट मळ धातूच्या स्वतःच्या अंगातून येतो. देवघरातला तांब्या आठवा. सोमवारी चिंचेने लख्ख घासलेला, शुक्रवारी काळपट. तो मळ बाहेरून कुणी आणून टाकला नव्हता.

शंकराचार्यांनी या श्लोकाच्या भाष्यात धुराला 'सहज' म्हटलंय, म्हणजे आगीबरोबरच जन्मलेला. आणि आपले ज्ञानोबा तर आणखी पुढे जातात. चंदनाच्या मुळीला वेढा घातलेला साप, कोंड्यात अडकलेलं बी असे स्वतःचे दृष्टांत घालून ते सांगतात की या कामक्रोधांशिवाय एकटं, सुटं ज्ञान आपण कधी पाहिलेलं नाही. मळ नसलेला आरसा कुठे असतो, असाच त्यांचा रोख आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे जरा निराशाजनक वाटलं होतं. ते काय म्हणतायत हे नीट उमगलं ते यंदाच्या फेब्रुवारीत, आणि तेही एका पिकअपच्या हौद्यात.

माझा मामेभाऊ अंधेरीत राहतो. स्वतःची एक बोलेरो पिकअप, बारा वर्षांची. वर्सोव्याहून मासळी आणि बर्फ भरून घाटकोपर, मुलुंडच्या मार्केटात पोहोचवतो. (हो, मासळी. माळकरी वाचकांनी नाक मुरडण्याआधी महाभारतातल्या वनपर्वातला मिथिलेचा धर्मव्याध आठवावा. मांस विकणाऱ्या माणसाने कौशिक नावाच्या तपस्वी ब्राह्मणाला धर्म शिकवला, तो.) मासळीच्या गाडीला गंज सगळ्यात लवकर लागतो. बर्फ वितळतो, क्रेटमधून खारं पाणी झिरपतं, हौद्याच्या रबरी मॅटखाली जाऊन बसतं. गंज लागायला पाणी आणि हवा एवढंच पुरतं, पण पाण्यात मीठ असलं की ही रासायनिक क्रिया फार वेगाने होते. वर आपला पावसाळा. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या चार महिन्यांत सरासरी २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला जातो.

दादाला गाडी विकायची होती. मुलीचं यंदा अकरावीचं वर्ष, क्लासची फी भरायची, आणि थोडी नवी गाडी हप्त्यावर घ्यायची. मॅट काढली तर हौद्याचा पत्रा तांबूस, जागोजागी खपल्या धरलेला. गॅरेजमध्ये दाखवली. गॅरेजवाल्याने दोन भाव सांगितले. हौद्याचा तळ पूर्ण नवीन पत्र्याचा : २० हजार. किंवा वरवर घासून, लांबी भरून, स्प्रे मारून : ७ हजार. "दुसरं करा शेठ. एक पावसाळा आरामात निघतो. तोवर गाडी कोणाची? घेणाऱ्याची."

लांबी म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : डेंटिंग-पेंटिंगवाले खड्डे बुजवायला जो लगदा भरतात तो. वाळला की दगडासारखा होतो, पॉलिश पेपरने घासला की पत्र्याशी एकजीव दिसतो. पोचा आलेल्या दरवाज्यावर ती भरणं हे रास्त काम आहे, त्यात काही वाईट नाही. पण गंजलेल्या पत्र्यावर, सडलेल्या भोकावर लांबी भरली तर खाली गंज चालूच राहतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापतो, आणि तो सच्छिद्र असतो. अॅल्युमिनियमवर येणारा थर घट्ट बसून आतल्या धातूला जपतो, लोखंडाचा गंज तसं करत नाही. तो फुगतो, पापुद्रे सोडतो, पाण्याला आत वाट देतो. म्हणून रंगाखाली आधी फोड येतात आणि मग एक दिवस सगळं खपलीसारखं उचलून हातात येतं. धम्मपदात मळावर एक अख्खा वर्ग आहे. त्यात लोखंडातूनच निघून लोखंडालाच खाणाऱ्या गंजाचा दृष्टांत आहे. बुद्धांच्या श्रोत्यांमध्ये लोहार असणार, असं मला नेहमी वाटतं.

तर दादाने मला विचारलं, "तू रोज ते श्लोक लिहितेस ना, मग सांग. मी काही खोटं बोलणार नाहीये. घेणाऱ्याने विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तर गप्प. यात पाप काय?"

आता इथे खरा पेच आहे, आणि तो तुमच्या-माझ्या सगळ्यांचा आहे. सगळं सगळ्यांना सांगत सुटणं हे काही सत्य नव्हे. आपण मुलाखतीत आपले दोष वाचून दाखवत नाही. लग्नाच्या बायोडेटात 'सकाळी चिडचिडी असते' असं कुणी लिहीत नाही. मौनाला जागा आहे. मग गप्प बसणं आणि झाकणं यांच्यात रेघ कुठे?

गंमत म्हणजे ही रेघ आपल्या कायद्यानेही ओढून ठेवली आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १७ सांगतं की नुसतं गप्प बसणं ही सहसा फसवणूक नाही. बोलण्याचं कर्तव्यच असेल तर गोष्ट वेगळी. पण माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकून टाकणं, ही मात्र फसवणूक. म्हणजे गंजलेला हौदा उघडा ठेवून दादा गप्प बसला असता तर घेणाऱ्याने आपल्या डोळ्यांनी बघून घ्यायचं होतं. भोकावर लांबी भरून वर चकचकीत रंग मारला की त्याचे डोळेच काढून घेतले. शब्द एकही खोटा नाही, पण पत्रा खोटं बोलतोय.

मी दादाला कलम सांगितलं नाही, तुलाधाराची गोष्ट सांगितली. शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला सांगतात ती. जाजली नावाचा तपस्वी, इतका स्थिर उभा की त्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटं केलं, पिल्लं वाढवली. त्याला वाटलं, आपण धर्म गाठला. तेव्हा आकाशवाणी झाली की काशीच्या तुलाधाराची सर तुला नाही. जाऊन बघतो तर हा वाणी, दुकानात बसून माल विकतोय. त्याचा धर्म काय? त्याची तराजू सगळ्यांसाठी सारखी. मला या कथेत नेहमी एक गोष्ट आवडते. तुलाधाराकडे तप नाही, जटा नाहीत, सांगण्यासारखा अनुभव नाही. त्याच्याकडे गिऱ्हाईक आहे. समोर उभ्या असलेल्या परक्या माणसाला मी किती मोजून देतो, एवढ्यावर त्याचा सगळा अध्यात्माचा हिशेब.

दादा म्हणाला, "तुलाधाराला पोरीची फी भरायची नव्हती." ते मला पटलं. म्हणून मग प्रश्न बदलला. वीस हजार नाहीत, सात हजारांचं पांघरूण घालायचं नाही, तर कमी पैशांत खरं काम किती होतं?

बरंच होतं. दोन दिवस सुट्टी घेऊन मीही हाताखाली होते, म्हणून जरा तपशिलात सांगते. तुमच्यापैकी कुणाच्या घरी टेम्पो असेल तर उपयोगी पडेल, नसेल तर बाल्कनीच्या ग्रिललाही हेच लागू.

आधी हौदा रिकामा, फाळका उघडा, मॅट बाहेर. साबणाच्या आणि मग साध्या गोड्या पाण्याने धुणं. मीठ राहिलं तर पुढचं सगळं फुकट. पूर्ण दिवस उन्हात वाळवणं. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन प्रत्येक तांबूस डाग टोचून बघायचा आणि हातोडीच्या मागच्या बाजूने ठोकायचा. चांगला पत्रा खणखण वाजतो, सडलेला बद्द वाजतो आणि टोक आत जातं. हे सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि याला एक रुपया लागत नाही. आमच्या हौद्यात नव्वद टक्के गंज वरवरचा निघाला. बघायला भयंकर, पण खाली पत्रा शाबूत. आणि पुढच्या बाजूला, केबिनला लागून, जिथे पाणी जायची भोकं कचऱ्याने बुजली होती, तिथे मात्र दोन ठिकाणी तळहाताएवढा पत्रा गेलेला. वरून तो भाग सगळ्यात कमी लाल दिसत होता.

त्या दोन जागा कापून वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याची ठिगळं लावून घेतली. बाकीच्यासाठी भाड्याचा ग्राइंडर, त्याला तारेचा कप ब्रश, डोळ्यांवर गॉगल, तोंडाला मास्क. कोपऱ्यांत हाताने वायर ब्रश. मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०. जुन्या रंगाची कड हाताला लागणार नाही इतकी उतरती करायची, नाहीतर तिथूनच पाणी शिरतं. पत्रा पांढरा चमकायला लागला की थिनरच्या फडक्याने पुसून त्याच दिवशी प्रायमर. उद्यावर टाकायचं नाही. मुंबईच्या हवेत उघडा पत्रा एका रात्रीत पुन्हा तांबूस होतो. रेड ऑक्साइडचे दोन हात, वाळल्यावर इनॅमलचे दोन हात. सगळं मिळून, ठिगळांसकट, साडेतीन हजारांच्या आत.

बाहेरच्या बाजूचे फाळके तसेच सोडले. तिथे ओरखडे होते, रंग उडाला होता, पण पत्र्याला धोका नव्हता. पैसे मोजकेच होते, ते जिथे माल उभा राहतो त्या तळाला लावले. गॅरेजवाल्याचा क्रम बरोबर उलटा होता : जे दिसतं ते आधी. मला वाटतं खिशात मोजकेच पैसे असले, किंवा दिवसात मोजकीच वीस मिनिटं असली, की हा क्रम ठरवावाच लागतो. भरपूर असतं तेव्हा आतबाहेर सगळंच रंगवून घेता येतं आणि आपण नक्की कशासाठी करतोय हे कधी उघडं पडत नाही.

ग्राइंडर चालू असताना एक गोष्ट लक्षात आली. घासायला सुरुवात केली की हौदा आधीपेक्षा घाण दिसायला लागतो. लाल धूळ उडते, नाकात जाते, कपडे खराब. जिथे रंग शाबूत वाटत होता तिथे खाली फोड निघतात. दादा मध्येच थांबून म्हणाला, "आपण गंज काढतोय की लावतोय?" त्या क्षणी मला घाटकोपरच्या मैत्रिणीसारखे आजवर आलेले सगळे प्रश्न आठवले. जप सुरू केल्यापासून राग वाढला असं कितीतरी जण सांगतात. वाढला नसावा. आधी तो रंगाखाली होता. 'लोकलमध्ये हरिपाठ म्हणता म्हणता तीन जणांचा उद्धार केला' हे जिला दिसलं, तिचा ब्रश चालू आहे. डब्यातल्या बाकीच्यांनीही केला असेल, त्यांना मोजता आला नाही इतकंच.

मग माळ काय आहे? ब्रश की रंग? माझं उत्तर असं की ती दोन्ही असू शकते, आणि कोणती आहे हे माळेकडे बघून कळत नाही. रंग हा मुळात वाईट नाहीच. इनॅमलचा जो डबा आम्ही वापरला तोच गॅरेजवालाही वापरणार होता. घासलेल्या, कोरड्या पत्र्यावर तो हात फिरला की ते संरक्षण. ओल्या गंजावर फिरला की ती फसवणूक. रंग तोच, ब्रश तोच, मारणारा हातही कदाचित तोच. म्हणून 'बाहेरचं सगळं ढोंग, आतलं तेवढं खरं' हे आजकाल फार ऐकू येणारं वाक्य मला अर्धवट वाटतं. उघडा ठेवलेला पत्रा जास्त प्रामाणिक नसतो. तो फक्त लवकर गंजतो. आतलं पूर्ण नीट झाल्यावर माळ घालीन म्हणणाऱ्याचा चमकवलेला पत्रा रात्रभर दमट हवेत पडून राहतो. नियम, नेम, एकादशी, गळ्यातली माळ हे प्रायमर आहेत. जेवढं घासून झालं तेवढ्यावर त्याच दिवशी लावायचे.

इथे तिसऱ्या दृष्टांताबद्दल एक लहानसं चिंतन, माझं स्वतःचं, भाष्यकारांच्या नावावर खपवत नाही. भगवंतांनी झाकण्याचा तिसरा प्रकार म्हणून गर्भाची पिशवी का निवडली असेल? धूर नको असतो, मळ नको असतो, पण पिशवी नसेल तर गर्भ जगणारच नाही. तीही झाकतेच. वेळ आली की ती आपोआप दूर होते, वेळेआधी फाडली तर घात. श्लोकाचा मुख्य अर्थ कामाने ज्ञान झाकलं जातं हाच आहे, त्याला मी हात लावत नाही. पण त्याच ओळीत एक जपणारं आवरणही ठेवलेलं आहे, एवढं नजरेआड करू नये.

आणखी एक, कारण हा विषय माझ्या ओळखीच्या खूप तरुण मुलामुलींना छळतो. घासायचं किती? पूर्ण पत्रा चमकल्यावरही खोल खड्ड्यांत काळे ठिपके उरतात. दादा त्यांच्या मागे लागला. ग्राइंडर एकाच जागी दाबून धरला. वेल्डिंगवाला बघत होता, तो ओरडला, "बास! आता गंज नाही, पत्रा खाताय." पातळ पत्रा, ग्राइंडरने आणखी पातळ होतो, तापून वाकतो. काही माणसं स्वतःच्या मनाचं असंच करतात. झालेल्या गोष्टीचा पश्चात्ताप, मग पश्चात्ताप पुरेसा झाला का याची तपासणी, मग तपासणीत अहंकार होता का याची तपासणी. ते साधना म्हणून चालू असतं, आणि चांगला धातू झिजत असतो.

त्या ठिपक्यांसाठी दुकानात रस्ट कन्व्हर्टर मिळतं. बहुतेकांत फॉस्फरिक आम्ल असतं, काहींत टॅनिन. ते गंज काढत नाही, गंजाचंच दुसरं काहीतरी करतं. लाल, भुसभुशीत थर काळा, टणक होतो आणि खालच्या लोखंडाला धरून बसतो. ही काही आधुनिक जादू नाही. आपल्या सह्याद्रीतला हिरडा टॅनिनने भरलेला असतो. हिरड्याच्या पाण्यात लोखंड पडलं की पाणी काळंभोर. कलमकारीचे कारागीर गंजकं लोखंड आणि गूळ पाण्यात आंबवतात आणि हिरड्यात भिजवलेल्या कापडावर त्यानेच काळी रेघ काढतात. म्हणजे कृष्णाच्या चित्राची बाह्यरेषा गंजाची. दिल्लीच्या मेहरौलीतला सुमारे १,६०० वर्षांचा लोहस्तंभ घ्या. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे गंजाचाच एक पातळ, घट्ट थर तयार होऊन तो आतल्या लोखंडाला राखतो, असं धातुशास्त्रज्ञ सांगतात.

नारदांच्या भक्तिसूत्रांत, ६५ व्या सूत्रात, याच्याशी जुळणारी गोष्ट आहे. सगळे आचार त्याला अर्पण केल्यावर काम, क्रोध, अभिमान उरले असतील तर तेही त्याच्याकडेच वळवावेत, असा त्याचा आशय. मला हे सूत्र फार दिलासा देतं. घासून निघेल ते घासायचं, आणि खोल बसलेला ठिपका निघत नसेल तर त्याच्यावर चिडत न बसता त्याची जात बदलायची. विठोबावर रुसता येतं. त्याच्याशी भांडता येतं. आपल्या संतांनी ते भरपूर केलंय.

आणि ज्ञानोबांचं ते निराशाजनक वाटलेलं? लोखंड कुठून येतं ते आठवा. सिंधुदुर्गात रेडीला लाल मातीच्या खाणी आहेत. ते लाल खनिज म्हणजे लोखंडाचं ऑक्साइडच, गंजाचंच सख्खं भावंडं. भट्टीत प्रचंड उष्णता देऊन आपण त्यातला प्राणवायू काढून घेतो तेव्हा पोलाद मिळतं, आणि त्या क्षणापासून ते परत मातीकडे जायला निघतं. गंज हा अपघात नाही, तो त्याचा माहेरचा रस्ता आहे. मळाशिवाय आरसा नाही, हे ज्ञानोबा तक्रार म्हणून सांगत नसावेत. दर वर्षी फेब्रुवारीत मॅट उचलून बघावी लागणार, एवढीच ती माहिती आहे. कसलं नैराश्य त्यात? एकदा घासलं की कायमचं स्वच्छ, असं वचन मला कुणी दिलं असतं तर पहिला तांबूस डाग दिसल्यावर मी गाडीच सोडून दिली असती.

आता विक्रीचं. दादाने येणाऱ्याला दोन्ही ठिगळं हाताने दाखवायची असं ठरवलं. पहिला गिऱ्हाईक ठिगळ ऐकूनच निघून गेला. दुसरा गोराईचा, त्याचाही मासळीचाच धंदा. तो हौद्यात चढला, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, कोपरे टोचले, ठिगळांवर ठोकलं, खाली वाकून गाडीच्या पोटातून बघितलं. आणि ठरलेल्या किमतीतून १० हजार कमी केले. गॅरेजचे सात वाचले होते, घरचे साडेतीन गेले होते. लांबी भरून गाडी पूर्ण भावात गेली असती तर दादाच्या हातात साडेसहा हजार जास्त आले असते. देवाने ते दुसऱ्या वाटेने परत दिले असं मी लिहिणार नाही. दिलेले नाहीत. अकरावीच्या क्लासचा एक हप्ता उशिरा भरला.

कागद झाल्यावर दादाने त्या माणसाला पुढची भोकं दाखवली आणि सांगितलं, "भाऊ, ही दर आठवड्याला काडीने मोकळी करा. आणि मॅट पावसाळ्याआधी एकदा काढाच." त्याने मान हलवली, मॅट तिथेच गुंडाळून केबिनमध्ये टाकली आणि मोकळ्या हौद्यानेच गाडी काढली.

उद्या श्लोक ३९. राम कृष्ण हरी.